पर्पेतुआ : कार्थेजच्या तुरुंगातून लिहिणारी २२ वर्षांची आई

पाणवठा

इ.स. २०३, मार्च महिना. उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिस शहराला लागूनच. त्या काळी रोमन साम्राज्यातलं मोठं, श्रीमंत शहर. ७ मार्चला तिथल्या अँफिथिएटरमध्ये काही ख्रिस्ती लोकांना आधी श्वापदांपुढे सोडलं आणि जे वाचले त्यांचे गळे चिरले. त्यात विबिया पर्पेतुआ होती. वय २२ च्या आसपास, चांगल्या घरातली, शिकलेली, लग्न झालेली, पदरात अंगावर पिणारा मुलगा. आणि फेलिसितास नावाची गुलाम बाई होती, जी दोन-तीन दिवसांपूर्वीच तुरुंगात बाळंत झाली होती.

सुरुवातीच्या काळातल्या रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करलेल्यांच्या, कथा पुष्कळ आहेत. बऱ्याचशा मागाहून लिहिलेल्या, वाढवलेल्या. पर्पेतुआच्या बाबतीत मात्र मधली पानं तिची स्वतःची आहेत. तुरुंगात बसून, श्वापदांच्या त्या खेळांच्या आदल्या दिवसापर्यंत तिने ती लिहिली. पुढची-मागची जोड एका निनावी संपादकाची, आणि मध्ये सातुरुस या तिच्या सोबत्याने लिहिलेलं त्याचं एक स्वप्न. प्राचीन जगातल्या बाईने स्वतःबद्दल स्वतः लिहिलेलं गद्य इतकं कमी उरलंय की ही थोडीशी पानं फार मोलाची आहेत.

तिच्याबद्दल जिथे तिथे वाचायला मिळतं ते रिंगण, पिसाळलेली गाय, तलवार. तिची पानं काढून बसलं की यातलं फारसं काही नाहीच. तिथे आहे बाळाची भूक आणि वडिलांचे पांढरे केस. तिचं खरं धैर्य मला तिथे दिसतं, आणि त्याबद्दलच लिहायचं आहे.

अटक झाली तेव्हा ही मंडळी बाप्तिस्म्याची तयारी करत होती. वडील भेटायला आले आणि सोड हे सगळं म्हणून मागे लागले. तिने समोरचं एक भांडं दाखवलं. याला भांडं सोडून दुसरं काही म्हणता येईल का? नाही. तशीच मी ख्रिस्ती आहे, दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही. वडील असे चवताळले की डोळे उपटतात की काय असं तिला वाटलं. नंतर काही दिवस ते आले नाहीत, आणि ती प्रांजळपणे लिहिते की त्यामुळे मला बरं वाटलं. याच दिवसांत बाप्तिस्मा झाला.

मग तुरुंग. ती घाबरली. तसा अंधार तिने जन्मात पाहिला नव्हता. माणसं कोंबलेली, असह्य उकाडा, शिपायांची पैशासाठी छळवणूक, आणि सगळ्यावर कडी म्हणजे बाळाची काळजी. तेर्तियुस आणि पोंपोनियुस या दोघा उपधर्मगुरूंनी पैसे चारून त्यांना काही तासांपुरतं जरा बऱ्या जागी आणवलं. तिथे तिने बाळाला पाजलं. ते भुकेने अर्धमेलं झालं होतं. आईशी बोलली, भावाला धीर दिला. पुढे बाळाला आत ठेवून घ्यायची परवानगी मिळाली तेव्हा तिने लिहिलं की तुरुंग मला एकदम राजवाडा झाला, दुसरीकडे कुठे असण्यापेक्षा इथेच बरं वाटू लागलं.

वडील पुन्हा आले. या वेळी राग नव्हता. माझ्या पिकल्या केसांची दया कर. सगळ्या भावांपेक्षा तुला जास्त जपलं. आईकडे बघ, मावशीकडे बघ, लेकराकडे बघ, तुझ्यामागे ते जगायचं नाही. तिचे हात चुंबत, पायांशी पडून रडत राहिले, आणि मुलगी म्हणायचं सोडून 'बाईसाहेब' म्हणू लागले. रोमन घरात बापाचा अधिकार केवढा असे हे माहीत असलं की या ओळी वाचवत नाहीत.

सुनावणी अचानकच झाली. दुपारचं जेवण चालू असताना उठवून चौकात नेलं. प्रांताचा प्रमुख नुकताच वारला होता, त्याचा अधिकार हिलारियानुसकडे होता. वडील बाळाला घेऊनच तिथे आले. हिलारियानुस म्हणाला, बापाच्या म्हातारपणाकडे बघ, पोराच्या बाळपणाकडे बघ, सम्राटांच्या क्षेमासाठी बळी अर्पण कर. ती म्हणाली, नाही. ख्रिस्ती आहेस? आहे. वडील मध्ये पडत राहिले म्हणून त्यांना खाली पाडून छडीने मारलं. ती लिहिते, मलाच मार बसल्यासारखं झालं, त्यांच्या केविलवाण्या म्हातारपणाचं वाईट वाटलं. शिक्षा झाली श्वापदांची.

त्यानंतर तिने बाळाला आणायला पोंपोनियुसला पाठवलं. वडिलांनी दिलं नाही. आणि मग ती एक साधं वाक्य लिहिते : देवाच्या इच्छेने बाळाने पुन्हा अंगावर मागितलं नाही, आणि माझ्या छातीलाही त्रास झाला नाही, म्हणजे बाळाची काळजी आणि ते दुखणं, दोन्हींतून मी सुटले.

शेवटी तिने लिहिलंय की खेळांच्या आदल्या दिवसापर्यंतचं हे माझं, खेळात काय झालं ते ज्याला लिहायचं असेल त्याने लिहावं.

स्वप्नांबद्दल मुद्दाम लिहिलं नाही. प्रतिसादांत येईलच.

---

रात्रपाळी

पाणवठाताई, मी प्रसूती विभागात काम करते, म्हणून त्या छातीच्या वाक्याबद्दल. अंगावर पिणारं मूल एकाएकी तोडलं की आईची छाती दगडासारखी होते, गाठी येतात, ताप भरतो. हात लावू देत नाही बाई. हे होणार याची तिला धास्ती होती आणि झालं नाही म्हणून तिने नोंद केली. रक्तसाक्षी बाईची थोरवी सांगायला बसलेल्या पुरुषाला हे सुचलं नसतं. ही पानं तिचीच आहेत हे पटायला मला तेवढं एक वाक्य पुरे.

---

तर्कट

लेख आवडला, पण एक प्रश्न मनापासून विचारतो. बळी म्हणून चिमूटभर धूप अग्नीत टाकला असता तर सुटली असती. मनात देव हवा तो ठेवायला कोण अडवत होतं? तान्हं पोर सोडून मरणं याला धैर्य म्हणताना माझी जीभ अडखळते. मला त्या बापाचं दुःख जास्त कळतं.

---

जुनी_पोथी

तर्कट, धुपाचा मुद्दा रोमन बाजूने बघू. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमन प्रांताधिकाऱ्याने सम्राट त्रायानला विचारलं होतं, या ख्रिस्ती लोकांचं करू काय? उत्तर आलं की शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण कोणी पकडून आणला आणि तो हटून बसला तर शिक्षा करा. देवांची पूजा करून दाखवली तर सोडून द्या. म्हणजे शिक्षा टाळायची किल्ली आरोपीच्याच हातात. रोमन अधिकाऱ्याला हा सौम्यपणा वाटे. हिलारियानुसही आधी समजावतोच.

पण सम्राटांच्या क्षेमासाठी केलेला बळी हे निष्ठेचं जाहीर प्रमाणपत्र होतं. मनात काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, आणि पर्पेतुआला तेच मान्य नव्हतं. कार्थेजला हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १७ जुलै १८० ला सिल्लियम गावच्या १२ जणांना तिथेच मृत्युदंड झाला होता, त्यांच्या सुनावणीचा वृत्तांत उपलब्ध आहे. शहरातल्या ख्रिस्ती लोकांना ते चांगलं माहीत असणार.

बऱ्याच ठिकाणी छापतात की तेव्हाचा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने २०२ मध्ये ख्रिस्ती धर्मांतराविरुद्ध फर्मान काढलं, त्यातून हे झालं. त्या फर्मानाचा आधार पुष्कळ उशिराचा आणि बेभरवशाचा आहे, आज बहुतेक अभ्यासक तो धरत नाहीत. आणि मजकुरातच बघा ना : उपधर्मगुरू तुरुंगात ये-जा करतात, पैसे देतात, निरोप नेतात. त्यांना कोणी हात लावत नाही. सगळ्या ख्रिस्ती लोकांची धरपकड चालू असती तर हे शक्य होतं का?

---

पाणवठा

@तर्कट, बापाचं दुःख तुम्हाला कळलं ते तिच्याच लेखणीतून. तिने त्यांना दुष्ट रंगवलं असतं तर कोण अडवणार होतं? तसं न करता त्यांचा एकेक शब्द उतरवला, स्वतःला बोचणारासुद्धा. खेळांचा दिवस जवळ आल्यावर ते पुन्हा आले तेव्हा दाढी उपटत जमिनीवर पालथे पडले, तेही तिनेच लिहिलंय. आपण काय तोडतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. तुमची जीभ अडखळते ते योग्यच आहे, तिलाही ते सोपं गेलेलं दिसत नाही. पण ज्या गोष्टीला होकार देणं म्हणजे आपण आपलेच उरत नाही, तिला चिमूटभर म्हणून होकार देता येतो असं मला वाटत नाही.

@जुनी_पोथी, उपधर्मगुरूंचा मुद्दा फार महत्त्वाचा. धन्यवाद.

---

वसईची_वाडी

धागा वाचून भरून आलं. आमच्याकडे मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) जी जुनी रोमन प्रार्थना म्हणतात तिच्यात या दोघींची नावं आहेत. फेलिसिटी, पर्पेतुआ, मग आगाथा, लुसी, आग्नेस, सिसिलिया, अनास्तासिया. लहानपणापासून नावं कानावरून जायची. बाकीच्यांच्या गोष्टी शिकवणीच्या वर्गात सांगितल्या जायच्या, या दोघींची कधी कोणी सांगितली नाही. वसईच्या गोन्सालो गार्सियांचं नागासाकीचं मरण (१५९७) मात्र आम्हाला पाठ. ७ मार्चला या दोघींचा सण असतो, तारीख तीच जी त्यांच्या मरणाची.

शिडीच्या स्वप्नाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहिते. भावाने सांगितलं की देवाला विचार, आपलं मरण ठरलंय का. तिला काशाची उंचच उंच, अरुंद शिडी दिसली. दोन्ही बाजूंना तलवारी, भाले, आकडे, सुरे लावलेले. बेसावध चढला तर अंग फाटून निघेल. पायथ्याशी भला मोठा अजगर. सातुरुस आधी चढून गेला, वरून म्हणाला, जपून, चावेल. तिने अजगराच्या डोक्यावरच पाय ठेवला, पहिली पायरी असल्यासारखा, आणि चढली. वर मोठी बाग, पांढऱ्या केसांचा उंच मेंढपाळ मेंढ्यांचं दूध काढत बसलेला. 'आलीस बाळ, बरं झालं,' असं म्हणून त्याने दुधाचा घट्ट झालेला घास तिला दिला. तिने दोन्ही हात जोडून तो घेतला, खाल्ला, आणि भोवतीचे सगळे आमेन म्हणाले. जाग आली तेव्हा तोंडात काहीतरी गोड चघळत होती. ओंजळ पुढे करून प्रसाद घेताना यापुढे मला हे आठवणार.

---

पाणवठा

आणि बघा ताई, जागी ती दूध पाजते, स्वप्नात तिला दूध मिळतं. वडिलांचे पिकले केस जागेपणी विनवणी करतात, स्वप्नातला पिकल्या केसांचा माणूस 'बाळ' म्हणतो. ही दोन जगं तिच्या लिखाणात अशी एकमेकांत मुरलेली आहेत.

---

ओंजळ

दिनोक्रातिस! तिचा लहान भाऊ. त्याच्याशिवाय हा धागा अपुरा राहील. सात वर्षांचा असताना चेहऱ्याच्या कर्करोगाने गेला होता. प्रार्थनेत असताना एकाएकी तिच्या तोंडून त्याचं नाव निघालं, किती तरी दिवसांत आठवण झाली नव्हती याचंच तिला नवल वाटलं. मग दिसला : अंधाऱ्या जागेतून बाहेर येतोय, तहानलेला, मळका, तोंडावर तीच जखम. शेजारी पाण्याचं टाकं, पण काठ त्याच्या डोक्यापेक्षा उंच. टाचा उंचावतोय, पोचत नाही. तिने रात्रंदिवस रडून प्रार्थना केली. पुन्हा दिसला तेव्हा जखमेच्या जागी व्रण, अंगावर नीट कपडे, टाक्याचा काठ बेंबीपर्यंत खाली आलेला. सोन्याच्या भांड्यातून पोटभर पाणी प्यायला आणि पोरं खेळतात तसा खेळायला पळाला.

स्वतः मरणाच्या दारात असताना तिला कोण आठवावं, तर पाणी न मिळालेलं पोर.

---

जुनी_पोथी

याच भावावरून पुढे मोठा वाद झाला. बाप्तिस्मा न झालेल्या मुलांना मरणानंतर तारण मिळतं, याचा दाखला म्हणून पाचव्या शतकात व्हिन्सेन्शियुस व्हिक्टर नावाच्या माणसाने दिनोक्रातिसचं उदाहरण दिलं. संत ऑगस्टिनने उत्तर दिलं की एक तर हे लिखाण पवित्र शास्त्रात मोडत नाही, आणि दुसरं, त्या वयाच्या मुलाचा बाप्तिस्मा झालेला असू शकतो. उत्तर आफ्रिकेत हा मजकूर किती आदराने वाचला जात असेल, याची कल्पना त्यातून येते. तो शास्त्र नाही हे ऑगस्टिनला बजावून सांगावं लागलं! त्याच ऑगस्टिनने या दोघींच्या सणाला दिलेली प्रवचनंही आहेत.

मजकुराचा इतिहास थोडक्यात. लॅटिन प्रत सतराव्या शतकात इटलीतल्या मॉन्ते कॅसिनोच्या मठात मिळाली, ग्रीक प्रत १८८९ मध्ये जेरुसलेमला. आधीचं कुठलं यावर वाद झाले, आज लॅटिनकडे कल आहे. पर्पेतुआचा भाग छोट्या, सरळ वाक्यांत, 'आणि... आणि...' करत जातो; संपादकाचं लॅटिन नटवलेलं, वक्तृत्वाचं. हात दोन आहेत हे कळतं. तर्तुलियनसारखा ख्रिस्ती लेखक तेव्हा कार्थेजमध्येच होता आणि त्याने आत्म्यावरच्या ग्रंथात तिच्या स्वप्नाचा उल्लेखही केलाय. म्हणजे घटनेनंतर फार वेळ न जाता हे लिखाण फिरत होतं.

---

तर्कट

शेवटचा भाग संपादकाचा म्हणता, मग तो किती खरा मानायचा? गायीचा प्रसंग मला रचलेला वाटतो.

---

पाणवठा

संपादक भक्तीने लिहितो यात शंका नाही. पण त्याने मध्ये मध्ये अशा गोष्टी ठेवल्यात ज्या गौरवाला काही उपयोगाच्या नाहीत. रानडुकराने सातुरुसला सोडून, त्याला डुकराशी बांधणाऱ्या शिकाऱ्यालाच फाडलं. अस्वल पिंजऱ्यातून बाहेरच येईना. दोघी बायकांना आधी उघडं करून जाळ्यांत गुंडाळून आणलं. एक कोवळी पोर, दुसरीच्या छातीतून बाळंतपणाचं दूध टपकतंय, हे बघून खुद्द प्रेक्षक शहारले. तेव्हा परत नेऊन अंगावर सैल झगे चढवले. खेळ बघायला जमलेल्या गर्दीलाही जे बघवलं नाही, ते लिहून ठेवायला भक्त असावं लागत नाही.

गायीने पर्पेतुआला उडवलं. ती कमरेवर पडली, फाटलेला झगा मांडीवर ओढून घेतला, मग टाचणी मागून सुटलेले केस बांधले, कारण मोकळे केस म्हणजे सुतक, आणि हा तिच्या दुःखाचा दिवस नव्हता. उठली, फेलिसितास पडलेली दिसली, हात देऊन तिला उभं केलं. दारापाशी आणल्यावर झोपेतून उठल्यासारखी विचारते, आपल्याला गायीपुढे केव्हा सोडणार? अंगावरच्या खुणा बघेपर्यंत तिला पटेना. जबर धक्क्यानंतर माणूस असंच वागतं हे रात्रपाळीताई सांगतील.

आणि शेवट. गळे कापायचा हुकूम झाला तेव्हा बाकीचे हूं का चूं न करता गेले. हिच्या वाट्याला शिकाऊ ग्लॅडिएटर आला, त्याचा घाव हाडावर बसला आणि ती किंचाळली. संपादकाने ती किंचाळी ठेवली. मग त्याचा थरथरता हात तिनेच धरून आपल्या गळ्यावर नेला.

---

रात्रपाळी

हो, डोक्याला मार लागलेले रुग्ण अगदी हेच विचारतात, 'अपघात कधी झाला?' आणि मग ड्रेसिंगला हात लावून बघतात.

फेलिसितासच्या कळांबद्दल लिहायचं होतं. आठवा महिना, वेळेआधीचं बाळंतपण, तुरुंगाची फरशी. गर्भार बाईला मृत्युदंड देता येत नाही असा कायदा होता, म्हणून ही घाबरली होती की सोबत्यांबरोबर जायचं राहून जाईल आणि मागाहून कुठल्या तरी खुन्यांबरोबर मरावं लागेल. कळा सुरू झाल्यावर पहारेकरी म्हणाला, आत्ताच ओरडतेस, श्वापदांपुढे काय करशील? तिने उत्तर दिलं, आत्ता जे सोसतेय ते मी एकटी सोसतेय. तिथे माझ्या आत दुसरा कोणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे.

कळा देणारी बाई हे बोलली. मी रोज कळा बघते, त्यात माणसाला स्वतःचं नावही सुचत नाही.

---

कोकणकडा

कामानिमित्त ट्युनिसला राहत असताना हे अँफिथिएटर पाहिलंय. वरचे मजले गेलेत, दगड लोकांनी शतकानुशतकं बांधकामाला नेले, उरलाय तो लंबगोल खड्डा आणि झाडं. रिंगणात छोटं प्रार्थनास्थळ आहे. जवळच्या एका जुन्या बॅसिलिकेच्या (मोठ्या चर्चच्या) अवशेषांत १९०७ मध्ये फुटलेल्या शिलालेखाचे तुकडे सापडले, त्यावर सातुरुस, सातुर्निनुस, रेवोकातुस, सेकुंदुलुस, फेलिसितास आणि पर्पेतुआ अशी नावं आहेत.

अवांतर : हे खेळ ज्याच्या वाढदिवसासाठी होते तो गेता, सेव्हेरसचा धाकटा मुलगा. २११ मध्ये सख्ख्या भावाने, काराकाल्लाने, त्याला आईच्या मिठीत असताना मारवलं आणि साम्राज्यभर शिलालेखांवरून त्याचं नाव छिन्नीने उडवलं. उत्तर आफ्रिकेतल्या दगडांवर ते खोडलेले भाग आजही दिसतात.

---

ओंजळ

त्या सहा नावांतला सेकुंदुलुस तुरुंगातच वारला होता, तरी त्याला वगळलं नाही हे बरं केलं.

फेलिसितासच्या मुलीचं पुढे काय झालं? आणि ती पर्पेतुआच्या घरची दासी होती ना? एका चित्राखाली तसं वाचलं होतं.

---

पाणवठा

मुलीला 'एका बहिणीने' स्वतःच्या लेकीसारखं वाढवलं एवढंच संपादक सांगतो. बहुधा मंडळीतली कोणी बाई. रोमन कायद्याप्रमाणे गुलाम बाईचं मूल तिच्या मालकाचं. तेव्हा मालकाने ते जाऊ दिलं असणार किंवा मालकच ख्रिस्ती असणार. मजकुरात त्याचं नावसुद्धा नाही.

आणि नाही, ती पर्पेतुआची दासी होती असं मूळ मजकुरात कुठेही नाही. तिथे ती याच गटातल्या रेवोकातुसच्या बरोबरीची गुलाम आहे, बस. मालकीण आणि दासीची जोडी नंतरच्यांनी लावली. पर्पेतुआच्या स्वतःच्या पानांत तर फेलिसितासचा उल्लेखच येत नाही. ती बोलते ते फक्त पहारेकऱ्याला, आणि आपल्यापर्यंत पोचतं ते संपादकाच्या हातून. तिला लिहिता येत असतं तर त्या तुरुंगाची दुसरी बाजू आपल्याकडे असती, याची चुटपुट मला प्रत्येक वाचनात लागते.